अंगण सजवायच्या आधी एक बादली पाणी ओता

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या धायरीत रो-हाउस, बांधून पंचवीसेक वर्षं झालेली. स्वयंपाकघराच्या मागे घराला समांतर 14 फूट लांब आणि 9 फूट रुंद मोकळी जागा, पलीकडे 5 फुटांची कंपाउंड वॉल. खाली जुनी शहाबादी फरशी, जागोजागी खचलेली. पावसाळ्यात घराच्या भिंतीलगत पाणी साचतं, शेवाळ धरतं. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन थेट आत येतं. बजेट 80 हजार. विचारलंय की लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स जुन्या फरशीवरच चिकटवाव्यात, कृत्रिम गवत टाकावं, की लाकडी फळ्यांचा डेक करावा. वर पॉलिकार्बोनेटचं छप्पर, खाली दोन खुर्च्या आणि झोपाळा. आणि जाता जाता एक ओळ: "आई म्हणते धुण्याचा दगड काढायचा नाही. तिला कसं समजवावं?"

मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. आईंना समजावू नका. त्यांच्या दगडाशेजारी नहाणी, म्हणजे पाणी जायची जाळी, असणार, हो ना? ती नहाणी हा तुमच्या अंगणाचा सगळ्यांत खालचा बिंदू आहे. ज्या गवंड्याने मूळ काम केलं त्याने सगळा ढाळ तिकडे काढला होता. आज पाणी तिकडे न जाता घराच्या भिंतीशी थांबतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. टाइल, गवत, डेक ही तीन वेगवेगळी झाकणं झाली. खालचं दुखणं तिन्हींखाली तसंच राहील.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून 2001 पासून पुण्यात घरांची दुरुस्तीची कामं करते. मागची अंगणं, छोट्या गच्च्या, बंगल्यांचे पोर्च यांत माझा बराच वेळ गेलाय. त्यातून झालेलं मत असं: या जागांना आपण हल्ली पॅटिओ म्हणतो आणि फोटो बघतो ते अशा गावांचे जिथे चार महिने धो धो पाऊस पडत नाही. आपली परसदारं वेगळी. तिथे भांडी घासली जातात, धुणं वाळतं, पापड-कुरडया पडतात, आणि जून ते सप्टेंबर पाणी वाहतं. सजावट त्या सगळ्यात बसायला हवी.

आता फरशी का खचली ते सांगते. घराचा पाया खणताना भिंतीच्या बाहेर दोन-तीन फुटांचा चर राहतो. पाया वर आला की तो चर जे हाताशी असेल त्याने भरतात: सुटी माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, राडारोडा. त्यावर पाणी मारून थरावर थर धुम्मस, म्हणजे ठोकून घट्ट, करायची असते, पण ते काम कुणाला दिसत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी होत नाही. पुढच्या पावसाळ्यांत ते भराव खाली बसत जातं, आणि वरची फरशी त्याच्यामागे जाते. म्हणून खड्डा नेमका घराच्या भिंतीलगत पडतो. तुमच्या वर्णनात तेच आहे. पाणी कंपाउंड वॉलशी साचत असतं तर मी वेगळा संशय घेतला असता: शेजारच्यांची जमीन उंच असणं, किंवा नहाणी तुंबणं. खाली काळी माती असेल तर आणखी भर. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची फरशी दरवर्षी थोडी थोडी हलवत राहते.

हा अंदाज झाला. खात्री तुम्ही घरीच करू शकता. एका रविवारी सकाळी अंगण कोरडं असताना घराच्या दाराशी एक बादली पाणी हळूहळू ओता आणि नुसतं बघत बसा. पाणी कुठे धावतं, कुठे रेंगाळतं, कुठल्या फरशीच्या सांध्यात गुडूप होतं. पंधरा मिनिटांनी जिथे डबकं उरलं असेल त्याच्या कडेने खडूने रेघ मारा. दुसरी, तिसरी बादली ओता. तासाभरात तुमच्यासमोर अंगणाचा नकाशा तयार होतो. मी नव्या साइटवर गेले की पहिलं हेच करते. मालक आधी जरा चमकतात, मग तेही उकिडवे बसून बघायला लागतात.

त्यानंतर लेव्हलची नळी. गवंड्याकडे असते, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून वीस फूट पारदर्शक नळी आणा. तीत पाणी भरा, मधला हवेचा बुडबुडा बोटांनी टिचकी मारून काढून टाका. एक टोक दाराच्या उंबऱ्याशी भिंतीला धरा, दुसरं टोक नहाणीपाशी. दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की एकाच पातळीच्या दोन खुणा मिळतात. मग प्रत्येक खुणेपासून खाली मोजायचं. उंबरा किती खाली, दाराजवळची फरशी किती खाली, नहाणी किती खाली. हे तीन आकडे हातात आले की निम्मं डिझाइन झालंच.

आकडे कशाशी ताडायचे? आमच्याकडे ढाळ सुतात मोजतात. एक इंच म्हणजे आठ सूत. खडबडीत दगडी फरशीला मी फुटाला दीड सूत ढाळ देते, गुळगुळीत फरशीला एक सूत चालतो. तुमचं अंगण 9 फूट रुंद, म्हणजे घराच्या भिंतीपासून कंपाउंड वॉलपर्यंत साडेतेरा सूत, धरा पावणेदोन इंच. कंपाउंड वॉलच्या कडेने चार इंच रुंद उथळ पन्हळ काढायची आणि तिला नहाणीच्या कोपऱ्याकडे फुटाला एक सूत ढाळ द्यायचा: 14 फुटांत 14 सूत, पुन्हा पावणेदोन इंच. म्हणजे नहाणी ही घरालगतच्या फरशीपेक्षा साडेतीन इंच खाली हवी. आणि घरालगतची फरशी उंबऱ्यापेक्षा निदान तीन इंच खाली, चार मिळाले तर उत्तम. उंबऱ्यापासून नहाणीपर्यंत एकूण साडेसहा ते साडेसात इंच. जुन्या घरात हे बहुधा मिळतात. नाही मिळाले तर ढाळ कमी करायच्या आधी नहाणी खाली घेता येते का ते बघा. ते बाहेरच्या ड्रेनेजच्या चेंबरच्या खोलीवर अवलंबून आहे.

आता कळेल की जुन्या फरशीवर टाइल चिकटवू नका असं मी का म्हणते. टाइल आणि तिचा गोंद मिळून पाऊण इंच झाला. पण तुमची फरशी खचलेली, म्हणजे आधी खड्डे भरून सपाटी आणावी लागणार, त्याला कुठे इंच कुठे दीड इंच मसाला. उंबऱ्याखालची तीन इंचांची शिल्लक एका दुपारी संपते. 2008 साली मी स्वतः हे केलंय. मालकांना तोडफोड नको होती, मलाही काम लवकर उरकायचं होतं. वरून छान करड्या टाइल्स बसवल्या. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने पाणी दाराकडे ढकललं, आणि उंबरा जेमतेम एक इंच उरलेला. स्वयंपाकघरात पाणी शिरलं, ट्रॉल्यांच्या खालचं प्लायवुड फुगलं. खर्च मी भरला. ती टाइल मग तोडावी लागलीच, आणि चिकटवलेली टाइल तोडणं हे शहाबादी उचलण्याच्या चौपट कष्टाचं काम आहे.

पाण्याचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे पन्हळ आणि नहाणीला मी इतकं महत्त्व का देते ते पटेल. 9 गुणिले 14 म्हणजे 126 चौरस फूट, 11.7 चौरस मीटर. जोरदार सरीत तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला तर नुसत्या अंगणात 585 लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या 39 बादल्या. आणि वरच्या गच्चीचा पाइप मागेच उतरत असेल तर? 500 चौरस फुटांच्या गच्चीचं त्याच तासातलं पाणी 2300 लिटरच्या पुढे जातं. ते सगळं एका छोट्या नहाणीच्या जाळीतून जायचं, वर धुण्याच्या साबणाचा फेस आणि शेजारच्या झाडाची पानं. म्हणून गच्चीचा पाइप अंगणात मोकळा सोडू नका. त्याला वेगळा 110 मिलिमीटरचा पाइप देऊन पावसाळी गटारापर्यंत न्या, किंवा सोसायटीत बोअरवेल पुनर्भरण असेल तर गाळणीतून तिकडे. मैलापाण्याच्या चेंबरला जोडू नका. भर पावसात तेच चेंबर उलटं भरून तुमच्या नहाणीतून वर येतं. अंगणातच शोषखड्डा करा असा सल्ला कुणीतरी देईल. तो घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब असावा असं मी बघते, आणि तुमच्या अंगणाची रुंदीच नऊ फूट आहे.

प्रत्यक्ष काम असं. फरशी पहारीने कडेपासून उचलायची, फोडायची नाही. शहाबादी बहुतेक वेळा चुन्याच्या किंवा फिक्या मसाल्यात बसवलेली असते, तासात पाच-सात फरश्या सहज सुटतात. पहिली फरशी उचलली की खाली काय आहे ते दिसतं. बहुतेकदा ओला, काळपट राडारोडा, गांडुळं, विटेचे तुकडे, आणि भिंतीशी हात जाईल एवढं बीळ. घुशीचं. तीन बोटांची पोकळी फरशीखाली घेऊन आपण इतकी वर्षं त्यावर बादल्या आदळत होतो, हे पाहून घरची मंडळी गप्प होतात. ती पोकळ माती पूर्ण काढायची. घट्ट थर लागेपर्यंत, साधारण एक ते दीड फूट. पाया उघडा पडेल इतकं खणायचं नाही. मग मुरूम. सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, पुन्हा थर. त्यावर तीन ते चार इंच पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट. आणि इथे एक हट्ट धरा: ढाळ पीसीसीतच काढून घ्या. गवंडी म्हणेल, "ताई, वरच्या मसाल्यात काढतो ना." मसाल्यात ढाळ काढला की एका कडेला अर्धा इंच आणि दुसऱ्या कडेला अडीच इंच मसाला येतो, आणि जाड बाजूची फरशी आधी सुटते. पीसीसीवर सात दिवस पाणी मारा, आणि फरशी बसवायच्या आधी पुन्हा बादलीचा प्रयोग करा. डबकं दिसलं तर ते आता शंभर रुपयांत दुरुस्त होतं.

खाली पाण्याची टाकी किंवा ड्रेनेजचं चेंबर असेल तर त्याचं झाकण फरशीखाली गाडू नका. खोलगट झाकण मिळतं, त्याच्या पोटात तुमचीच फरशी बसवता येते. दिसत नाही, पण उघडतं.

फरशी कुठली? तुमचीच. शहाबादी हा चुनखडीचा दगड. कर्नाटकातल्या शहाबादचं नाव त्याला पडलं, आणि आपल्याकडच्या वाड्यांपासून चाळींपर्यंत त्याने सगळं पाहिलंय. उचललेल्या फरश्या उलट्या करून बघा. खालचा चेहरा पायांनी झिजलेला नसतो, थोडा खडबडीत असतो, आणि अंगणाला तोच हवा. काही फुटतील, काही फार वाकड्या निघतील. कमी पडतील तेवढ्या नव्या आणा, पण पॉलिश नको. फुटलेल्यांचे तुकडे कुंड्यांखाली आणि आळ्याच्या कडेला जातात. सांधे तीन-चार सूत रुंद ठेवा आणि दरजा नीट भरून घ्या. अगदी जुळवून बसवलेली रफ फरशी दिसायला चांगली, पण सांध्यात मसाला उतरत नाही आणि दोन वर्षांत तिथून पाणी आत जायला लागतं.

नवीनच हवी असेल तर कोटा दगडही चालेल, मात्र पॉलिश न केलेला. तांदूर दिसायला सुंदर, पण उघड्यावर त्याचे पापुद्रे निघालेले मी पाहिलेत. काळा कडाप्पा जमिनीला नको, उन्हात तव्यासारखा तापतो. सिमेंटच्या पार्किंग टाइल्स स्वस्त आणि घसरत नाहीत, फक्त रंग उडतो. कोकणात काम केलं तेव्हा जांभ्याचं अंगण केलं होतं. तिथे तो दगड घरचाच आहे, पुण्यात वाहतूक देऊन आणण्यात मला अर्थ दिसत नाही. लाकडासारख्या टाइलबद्दल: घ्यायचीच तर बाहेरच्या जमिनीसाठी बनवलेली खरखरीत घ्या, आणि दुकानात ती ओली करून अनवाणी पाय ठेवून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

फरशी झाली की गवंडी ॲसिडने धुवायला काढेल. त्याला तिथेच थांबवा. चुनखडीवर ॲसिड पडलं की फसफसतं, ते दगडच खात असतं. पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि शेवाळ दुप्पट जोराने धरतं. शेवाळासाठी मेअखेरीस आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरतो. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र कधीच नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. खरं तर ढाळ नीट झाला की शेवाळ आपोआप कमी होतं. त्याला साचलेला ओलावा लागतो.

कृत्रिम गवत पश्चिमेच्या उन्हात दगडापेक्षाही जास्त पोळतं, पावसाळ्यात खाली ओलं राहतं आणि वास मारतं. धुणं-भांडी असलेल्या अंगणात तर नकोच. डेकला माझा विरोध एकाच कारणासाठी: डेकखालची पोकळी म्हणजे घुशींसाठी बांधून दिलेलं घर. एका ग्राहकाचा डेक आम्ही दोन वर्षांनी उचलला, तेव्हा खालून अर्धी पोतंभर माती, कांद्याची सालं आणि मुलाचा हरवलेला मोजा निघाला. उंच गच्चीवर, जिथे घूस पोहोचत नाही, तिथे डेक ठीक आहे. पण गच्ची असेल तर सगळंच गणित बदलतं: वॉटरप्रूफिंग आणि वजन. एक घनफूट ओली माती 45 ते 50 किलो भरते. तुमचं अंगण जमिनीवर आहे, त्यामुळे ही चिंता नाही.

आता ऊन. यावर तुमचे सगळ्यांत जास्त पैसे वाचतील. पश्चिमेचं दुपारचं ऊन तिरपं येतं, डोक्यावरचं छप्पर त्याला अडवतच नाही. ते छपराखालून आत येतं. पॉलिकार्बोनेटखाली हवा कोंडून तापते, पावसाचा आवाज इतका की फोनवर बोलता येत नाही, आणि घराभोवतीच्या मोकळ्या सोडायच्या जागेत कायमचं छप्पर टाकायला महापालिकेची परवानगी लागते, सोसायटीचीही. आणि मुळात गरज किती आहे ते बघा. तुमची कंपाउंड वॉल 5 फूट उंच आणि पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये पुण्यात तिची सावली दुपारी दोनला पावणेदोन फूट, तीनला साडेतीन, चारला सहा फूट पडते, आणि पाचला अख्ख्या अंगणाच्या पलीकडे घराच्या भिंतीवर चढते. भिंत नेमकी पश्चिमेला नसेल तर थोडा फरक पडेल. एका दुपारी तासातासाने खडूने सावलीची रेघ मारून बघा. म्हणजे दुपारी बसायची सगळ्यांत थंड जागा त्या भिंतीच्या पायथ्याशी आहे, भिंतीला पाठ टेकून. तुम्ही खुर्च्या बहुधा दाराजवळ ठेवत असाल, घराला पाठ करून. तिथे ऊन तोंडावर येतं.

मग तापतं काय? स्वयंपाकघराची भिंत. सावली जमिनीवर आहे, भिंतीवर ऊन तसंच आदळतंय. पडदा लावायचा तो तिथे: खिडकीच्या छज्ज्याला बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा, भिंतीपासून सहा इंच सुटा, गुंडाळता येणारा. पाणी शिंपडलेला वाळा संध्याकाळी जो वास देतो त्यासाठी वेगळा सुगंध विकत आणायला नको. पावसाळ्यात काढून ठेवा, नाहीतर बुरशी.

बसायची जागा कळली की खुर्च्या-झोपाळ्याचा प्रश्नही सुटतो. झोपाळ्याला पुढे-मागे धरून सहा-सात फूट मोकळी जागा लागते. नऊ फुटांत तो ठेवला की अंगण त्याचंच. खुर्च्या ओढायला मागे अडीच फूट. त्यापेक्षा कंपाउंड वॉललगत कट्टा बांधा. आठ-नऊ फूट लांब, 16 इंच खोल, वरच्या दगडासकट 17 इंच उंच. ही उंची आणि खोली पाय टेकवून बसायला आणि मांडी घालायलाही पुरते. कट्टा भरीव बांधू नका. विटांचे छोटे खांब, मध्ये मोकळं, वर दीड इंची कडाप्पा. इथे कडाप्पा चालतो, कारण दोन वाजल्यापासून तो सावलीत असतो. त्या आधीच्या उन्हात तापलेला असेल, तेव्हा चारला बसणार असाल तर साडेतीनला त्यावर तांब्याभर पाणी मारा. कट्ट्याखालून तुमची पन्हळ जाते, झाडूने साफ करता येते, आणि घुशीला आडोसा मिळत नाही. कडा गोल करून घ्या. गवंडी "होईल होईल" म्हणतो आणि करत नाही, नंतर मांड्यांच्या मागे चरे पडतात. दगड भिंतीकडे नको, पुढे झुकलेला हवा, एक सूतभर, म्हणजे पाणी पाठीशी साचत नाही.

कट्ट्याच्या नहाणीकडच्या टोकाला तीन-चार फूट मोकळे ठेवा. तो आईंचा कोपरा. दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, दीड बाय दीड फुटाचं आळं फरशी न लावता मातीचं सोडा, वेलासाठी. कुंडीतला वेल कुंडीएवढाच मोठा होतो, जमिनीतला भिंत झाकतो. जुई किंवा कृष्णकमळ लावा. मधुमालती जोरात वाढते आणि संध्याकाळी सुंदर दिसते, पण दरवर्षी कापायची तयारी असेल तरच. भिंतीच्या फटीत उंबर, पिंपळ उगवला तर बोटाएवढा असतानाच मुळासकट काढा. दोन पावसाळे राहिला तर प्लास्टर घेऊनच निघतो.

बाकी झाडांचं थोडक्यात. अंगणाच्या पूर्वेला तुमचंच घर आहे, म्हणजे सकाळचं ऊन अंगणात येतच नसणार. ऊन मिळतं ते दुपारपासून, आणि जास्त वेळ घराच्या बाजूला. म्हणून मोगरा, तुळस, मिरची, कढीपत्ता घराच्या भिंतीकडे. कंपाउंड वॉलकडे नेचे आणि मनी प्लांट. नहाणीजवळ एक मोठी कुंडी अळूची. कुंड्या विटांवर ठेवा, खालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी उपड्या करा, डेंग्यूचा डास तेवढ्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंड्या पंधराच्या वर नेऊ नका. छोट्या अंगणाची नर्सरी झाली की झाडायला कुणी तयार नसतं, आणि फरशी न झाडलेलं अंगण कितीही सजवलं तरी उदास दिसतं. हे माझं वैयक्तिक मत, बागकाम करणारे भांडतील.

भिंतीला शुभ्र पांढरा देऊ नका, दुपारी डोळे दिपतात. मातकट किंवा फिका पिवळा, बाहेरचा ॲक्रिलिक. पण आधी भिंतीला टेकवलेली माती काढा, नाहीतर रंगाचे पोपडे निघणारच. लाइट दोनच, गुडघ्याच्या उंचीवर, 3000 केल्विनचे पिवळसर, पाणी न शिरणारे म्हणजे आयपी 65. बाहेरच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून धुणं होणार आहे, इथे काटकसर नको.

पैशांचं सांगायचं तर दर महिन्याला आणि गावागणिक बदलतात, म्हणून रक्कम न सांगता वाटणी सांगते. 80 हजारांतले निम्मे फरशीच्या खाली जाऊ द्या: खोदाई, राडारोडा उचलणं, मुरूम, पीसीसी, पाइप. पाव भाग फरशी पुन्हा बसवणं आणि कट्टा. उरलेल्यात रंग, पडदा, लाइट, झाडं, आणि दहा टक्के हातचे ठेवा, कारण उचलल्यावर खाली काय निघेल ते मलाही इथून सांगता येत नाही. चेंबरच फुटलेलं निघालं तर सजावट दिवाळीपर्यंत थांबवा. थांबली तरी काही बिघडत नाही, कट्टा असला की बसता येतं. उलट क्रमाने करू नका. मार्चमध्ये खोदलंत तर एप्रिलअखेर फरशी बसते आणि वळवाच्या आधी सांधे पक्के होतात. मेमध्ये सुरू केलंत तर उघड्या खड्ड्यात पाऊस येण्याची तयारी ठेवा.

राहिला धुण्याचा दगड. काम सुरू होताना तो बाजूला उभा करून ठेवावा लागेल, कारण त्याच्याखालचीही माती काढायची आहे. परत बसवताना तो त्याच कोपऱ्यात बसवा, नहाणीकडे दोन सूत झुकवून, खाली पीसीसीवर पक्का. आणि पक्का करण्याआधी आईंना एकदा त्याच्यासमोर उभं करा. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेला जी उंची सोयीची होती ती आता असेलच असं नाही. खाली दोन विटांचे थर वाढवले तर त्यांना वाकावं लागणार नाही. माझ्याकडे आलेल्या अशा तीन-चार घरांत मूळ भांडण दगड काढायचा की ठेवायचा याचं होतं, आणि आजींना हवा होता तो फक्त उंच दगड.

नळीचे तीन आकडे मोजून झाले की इथेच टाका: उंबरा, दाराजवळची फरशी, नहाणी. गच्चीचा पाइप कुठे उतरतो तेही लिहा. मग चेंबर खोल घ्यावं लागेल का ते सांगते.